प्रस्तावना : पार्सरला काय आठवते

कंपायलरवरची बहुतेक पाठ्यपुस्तके व्याकरणाच्या नियमांपासून सुरू होतात. त्या नियमांवरून तक्ता कसा काढायचा ते सांगतात आणि तक्ता भरून झाला की प्रकरण संपवतात. विद्यार्थी तक्ता भरायला शिकतो, परीक्षेत पूर्ण गुण मिळवतो. पण त्या तक्त्यातली सहावी ओळ म्हणजे नेमके काय आणि पहिल्या ओळीपासून ती वेगळी का ठेवावी लागली, असे विचारले की तो अडतो. हे पुस्तक त्या ओळींबद्दल आहे. त्यांना पार्सरच्या स्थिती म्हणतात, आणि एका स्थितीतून दुसरीत नेणाऱ्या खुणांना व्याकरणाची चिन्हे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवता आल्या तर पार्सिंगचा सगळा विषय उलगडतो आणि एकमेकींत मिसळल्या तर तो कायम पाठांतराचा राहतो. चिन्ह सांगते की आत्ता काय सापडले. स्थिती सांगते की आतापर्यंत जे सापडले त्यातले पुढे उपयोगी पडणारे काय आहे.

पुस्तक म्हैसुरात तयार झाले. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेतलेली अनेक मुले-मुली हेब्बाळ भागातल्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात येतात. सांगली, सोलापूर, नांदेड, जळगाव अशा ठिकाणांहून आलेल्या या मुलांपैकी काहींबरोबर रविवारी सकाळी कंपायलरचा विषय मराठीतून वाचण्याचा परिपाठ पडला. त्यातून टिपणे झाली आणि टिपणांतून ही प्रकरणे. इन्फोसिसचे नाव आले की लोकांना १९८१ साल, पुणे आणि दहा हजार रुपयांचे भांडवल आठवते. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांचे त्याआधीचे एक काम मला या विषयासाठी अधिक मोलाचे वाटते. १९६७ मध्ये म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनीअरिंगमधून पदवी आणि १९६९ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी घेतल्यावर ते अहमदाबादच्या आयआयएममध्ये मुख्य सिस्टिम्स प्रोग्रामर झाले, आणि तिथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियासाठी बेसिक भाषेचा इंटरप्रिटर रचून लिहिला. इंटरप्रिटर लिहिणाऱ्याला आधी पार्सर लिहावा लागतो. समोर आलेली ओळ म्हणजे काय, तिच्यात कुठले पद कुठल्या पदाला जोडलेले आहे, हे यंत्राला कळल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. आज याच शहरात प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांनी ते काम आतून पाहावे, तयार साधनाची बटणे दाबून थांबू नये, अशी माझी इच्छा आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. प्रस्तावनेत उदाहरण सोडवू नये असा संकेत आहे, पण हा विषय उदाहरणाशिवाय सांगता येत नाही. एक लहानसे व्याकरण घेऊ.

बेरीज → बेरीज + पद
बेरीज → पद
पद → संख्या
पद → ( बेरीज )

यात चिन्हे दोन जातींची आहेत. संख्या, अधिकचे चिन्ह, उघडा कंस, बंद कंस आणि मजकूर संपल्याची खूण ही पाच चिन्हे थेट मजकुरात भेटतात. त्यांना टर्मिनल म्हणतात. बेरीज आणि पद ही मजकुरात कुठेच लिहिलेली नसतात. वाचलेल्या भागाला पार्सर ती नावे देतो. ही नॉनटर्मिनल. शाळेत वाक्यपृथक्करण करताना आपण ‘उद्देश्य’, ‘विधेय’ असे लिहायचो तेव्हा हेच करत होतो. वाक्यात ‘उद्देश्य’ हा शब्द नसतो, वाक्याचा एक भाग ती जागा भरतो.

आता प्रत्येक नियमात, वाचन कुठपर्यंत आले आहे ते दाखवणारा एक ठिपका घालायचा. ‘पद → ( • बेरीज )’ म्हणजे उघडा कंस वाचून झाला, आता बेरीज यायची आहे. असा ठिपका घातलेला नियम म्हणजे आयटम. एका वेळी अनेक आयटम शक्य असतात, कारण कंस उघडल्यावर बेरीज येणार म्हणजे पद येऊ शकते, पद येणार म्हणजे संख्या किंवा आणखी एक कंस येऊ शकतो. एका क्षणी शक्य असलेल्या अशा सगळ्या आयटमांचा संच ही एक स्थिती. वरच्या व्याकरणाच्या आरंभी ‘आरंभ → बेरीज’ हा एक नियम जोडला आणि हे संच कागदावर काढले, तर बरोबर ९ स्थिती निघतात. त्यांना ० ते ८ क्रमांक देऊ.

० ही सुरुवात. तिथून बेरीज सापडली तर १, पद सापडले तर २, संख्या आली तर ३, उघडा कंस आला तर ४. स्थिती १ मधून अधिक चिन्हावर ५. स्थिती ४ मधून बेरीज सापडली तर ६. ५ मधून पद सापडले तर ७. ६ मधून बंद कंसावर ८, आणि अधिक चिन्ह आले तर पुन्हा ५. कंसाच्या आत संख्या, पद किंवा आणखी एक उघडा कंस भेटला तर नवी स्थिती लागत नाही, ३, २ आणि ४ याच पुरतात. अधिकनंतरची संख्या किंवा उघडा कंसही ३ किंवा ४ मध्येच नेतो.

इथे थांबून १ आणि ६ यांच्याकडे बघा. दोन्हींत पार्सर ‘बेरीज’ हे एकच चिन्ह ओलांडून पोहोचला आहे. चिन्हाकडे पाहून दोघींत काही फरक दिसत नाही. पण स्थिती १ मध्ये मजकूर संपला तर काम यशस्वी झाले आणि बंद कंस आला तर चूक. स्थिती ६ मध्ये नेमके उलट: बंद कंस आला तर उत्तम, मजकूर संपला तर चूक. एकीला आठवते की मागे कंस उघडा राहिला आहे, दुसरीला तसे काही आठवायचे नाही. चिन्ह तेच, स्मृती वेगळी, म्हणून स्थिती वेगळी. पहिल्या प्रकरणाचा बहुतेक भाग मी या दोन ओळींवर खर्च केला आहे आणि तो खर्च योग्य आहे असे मला ठामपणे वाटते.

‘७ + (२ + ५)’ ही ओळ चालवून पाहू. स्थितींचे क्रमांक एकावर एक रचत जाण्याची चळत म्हणजे स्टॅक. त्यावर आधी ०. सात वाचला, ३ ठेवला. याला शिफ्ट म्हणतात. स्थिती ३ मध्ये नियम पूर्ण झाला आहे, म्हणून ३ काढून टाकायचा, खाली ० दिसतो, आणि ० ला विचारायचे: ‘पद सापडले, आता कुठे जाऊ?’ उत्तर २. याला रिड्यूस म्हणतात. २ मध्येही नियम पूर्ण आहे. तो काढला, पुन्हा ० दिसला, ‘बेरीज सापडली’ असे सांगितले, उत्तर १. पुढे अधिक, ५. उघडा कंस, ४. दोन, ३. आता रिड्यूस केल्यावर खाली ० नसून ४ दिसतो. पद सापडल्यावर तो २ सांगतो, आणि बेरीज सापडल्यावर १ न सांगता ६ सांगतो. सात आणि दोन या दोन संख्यांवर पार्सरने अगदी तीच कृती केली, तरी एकदा तो १ मध्ये पोहोचला आणि एकदा ६ मध्ये. हा फरक स्टॅकमध्ये खाली दडलेल्या क्रमांकाने घडवला. रिड्यूसमधली ही पायरी, म्हणजे वरचे क्रमांक काढल्यावर उघड्या पडलेल्या स्थितीला नव्या चिन्हासह पुढची स्थिती विचारणे, विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा विसरतात.

पाच वाचून झाल्यावर स्टॅकवर खालून वर असे क्रमांक असतात: ०, १, ५, ४, ६, ५, ३. यांत चिन्ह एकही नाही, आणि तरी चिन्हे परत मिळवता येतात. सुरुवातीची स्थिती सोडली तर प्रत्येक स्थितीत शिरण्याचे चिन्ह एकच असते. १ मध्ये फक्त बेरजेने शिरता येते, ५ मध्ये फक्त अधिक चिन्हाने, ४ मध्ये फक्त उघड्या कंसाने. म्हणून हा स्टॅक ‘बेरीज + ( बेरीज + संख्या’ असा वाचता येतो. स्थितीवरून चिन्ह कळते. उलट मात्र होत नाही, बेरीज म्हटल्यावर ती १ की ६ हे सांगता येत नाही. पार्सरला स्टॅकवर फक्त स्थिती ठेवल्या तरी भागते ते यामुळेच. चिन्हाबरोबर आलेले मूल्य, म्हणजे सात, दोन, पाच, शेजारच्या दुसऱ्या स्टॅकवर ठेवतात.

हे सगळे डोनाल्ड क्नूथ यांनी १९६५ मध्ये एका निबंधात मांडले. डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत जाऊन, मागे न फिरता, पुढची मोजकीच टोकने, म्हणजे मजकुरातली टर्मिनल, बघून भाषा ओळखता येण्यासाठी व्याकरणाला कोणती अट पाळावी लागते, हा त्यांचा प्रश्न होता. त्या निबंधातली सर्वांत सुंदर गोष्ट मला वाटते ती अशी: कंसात कंस, त्यात पुन्हा कंस अशी रचना मर्यादित आठवण असलेल्या यंत्राला ओळखता येत नाही, हे आधीच ठाऊक होते. पण बरोबर चाललेल्या वाचनाच्या मध्यात स्टॅकवर चिन्हांची जी ओळ असू शकते, त्या सगळ्या ओळी मिळून जी भाषा होते ती मात्र मर्यादित यंत्राला ओळखता येते. आपल्या उदाहरणात अशा ओळी अनंत आहेत, आणि त्यांना ओळखायला ९ स्थिती पुरतात. खोली स्टॅक सांभाळतो, आणि त्या खोलीत आपण नेमके कुठे आहोत ते स्थिती सांगते. कामाची ही वाटणी कळली तो दिवस माझ्या विद्यार्थीदशेतला खऱ्या आनंदाचा होता.

क्नूथची पद्धत अचूक होती, पण त्या काळच्या यंत्रांच्या स्मृतीला जड होती. आपल्याच व्याकरणाचे संच तिने काढले तर ९ ऐवजी १६ स्थिती होतात, कारण ती प्रत्येक स्थितीत ‘या भागानंतर काय येऊ शकते’ तेही लिहून ठेवते आणि कंसाबाहेरची संख्या व कंसातली संख्या वेगळ्या धरते. फ्रँक डीरेमर यांनी १९६९ मध्ये एमआयटीच्या प्रबंधात दाखवले, की ज्यांचे आयटम सारखे आहेत त्या स्थिती एकत्र केल्या तरी व्यवहारातल्या बहुतेक भाषांचे काम चालते. त्या रीतीला एलएएलआर म्हणतात. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात लिहिलेल्या याक या पार्सर बनवणाऱ्या साधनाने आणि नंतरच्या बायसनने हीच रीत जगभर नेली. १९८६ मध्ये आलेले एहो, सेठी आणि उलमन यांचे पुस्तक, मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनमुळे ओळखले जाणारे, या रीतीची विस्तृत ओळख करून देते. त्यातले रवी सेठी १९६८ चे कानपूर आयआयटीचे पदवीधर. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या धनंजय ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रामिंग आणि कंपायलर रचनेवरच्या पुस्तकांनी हा विषय वर्गात आणला. मराठी विद्यार्थ्यांच्या हाती ती इंग्रजीतून आली आणि इंग्रजीतूनच राहिली, याची खंत वाटते.

स्थिती एकत्र करण्याची किंमत कुठे मोजावी लागते? ‘७)’ अशी चुकीची ओळ द्या. १६ स्थितींच्या यंत्रात सात वाचल्यावर पार्सर ‘कंसाबाहेरची संख्या’ या स्थितीत असतो. बंद कंस दिसताच तो तिथेच थांबतो. ९ स्थितींच्या यंत्रात स्थिती ३ ला आत-बाहेर माहीत नाही, म्हणून बंद कंस दिसूनही ती पद करते, मग बेरीज करते, १ मध्ये येते आणि मग थांबते. बंद कंस गिळला जात नाही, चूक सुटत नाही, पण ती लक्षात येईपर्यंत पार्सरने दोन पावले जास्त टाकलेली असतात. याच्या जोडीला तक्ता लहान करण्यासाठी बायसन ‘काहीही आले तरी रिड्यूस कर’ अशी नेमणूक अनेक स्थितींना करून ठेवतो. मग ‘इथे काय अपेक्षित होते’ ही यादी वापरणाऱ्याला द्यायची वेळ येते तेव्हा ती अपुरी किंवा चुकीची निघू शकते. त्यावर उपाय म्हणून बायसनमध्ये लॅक नावाची सोय आहे. चूक जाहीर करण्याआधी ती स्टॅकच्या प्रतीवर पुढच्या कृती करून पाहते आणि खरोखर कोणती टोकने चालली असती ते ठरवते. नव्या मुलांनी लिहिलेल्या पार्सरमध्ये ही सोय सहसा सुरू केलेली नसते. ती सुरू करा, असा माझा आग्रह आहे. आपण लिहिलेल्या साधनाने वापरणाऱ्याला खोटी यादी देणे हा मला गंभीर दोष वाटतो.

चिन्हांच्या क्रमांकांबद्दल एक वेगळे प्रकरण आहे, कारण तिथे गोंधळ फार होतो. बायसनमध्ये एकाच टोकनाला दोन क्रमांक असतात. बाहेरचा क्रमांक टोकन बनवणारा भाग, म्हणजे स्कॅनर, परत देतो. एका अक्षराचे टोकन असेल तर त्या अक्षराचा संकेत हाच त्याचा क्रमांक, म्हणून अधिक चिन्ह ४३. ० ते २५५ अशा अक्षरांसाठी राखून ठेवले, २५६ चुकीच्या खुणेला आणि २५७ अनोळखी टोकनाला दिला, म्हणून आपण घोषित केलेली टोकने २५८ पासून सुरू होतात. पण तक्त्यात ४३, २५८ असे विखुरलेले रकाने परवडत नाहीत. म्हणून आत दुसरा, सलग क्रमांक असतो: मजकुराचा शेवट ०, चूक १, अनोळखी २, मग व्याकरणातली टर्मिनल आणि त्यांच्यामागून नॉनटर्मिनल. बाहेरच्या क्रमांकावरून आतला काढायला एक भाषांतर-तक्ता, आणि स्थितीवरून तिच्यात शिरण्याचे चिन्ह काढायला आणखी एक. २०२० मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीपासून आतल्या चिन्हाचा प्रकार स्वतंत्र नावाने घोषित होतो, आणि त्यात −२ हा क्रमांक ‘पुढचे टोकन अजून वाचलेलेच नाही’ यासाठी ठेवला आहे. ज्याने स्वतः चूक-संदेश लिहायचा प्रयत्न केला आहे त्याला या −२ चे मोल कळते. काही स्थितींमध्ये पार्सरला पुढे न बघताही काय करायचे ते ठाऊक असते, आणि अशा वेळी ‘पुढचे टोकन कोणते’ या प्रश्नाला उत्तरच नसते.

एक आक्षेप इथे नोंदवायला हवा, कारण वर्गात तो दरवेळी येतो: आजकाल कोण असे तक्ते वापरते? जीसीसी या कंपायलरने २००४ मध्ये ३.४ आवृत्तीत सी-प्लस-प्लसचा आणि २००६ मध्ये ४.१ मध्ये सीचा बायसनने बनवलेला पार्सर काढून हाताने लिहिलेला बसवला. पायथनही २०२० मध्ये ३.९ आवृत्तीत वेगळ्या पद्धतीवर गेला. हे खरे आहे, आणि त्यामागे चांगल्या चूक-संदेशांची व बदल करण्यातल्या सोयीची गरज होती, हेही खरे. पण हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये स्थिती नाहीशी होत नाही. ‘बेरीज वाच’ हे फंक्शन ‘कंस वाच’ या फंक्शनने बोलावले की सर्वांत बाहेरच्याने, ही माहिती फंक्शनांच्या स्टॅकमध्ये असते. तीच आपली १ आणि ६. तक्ता वापरणाऱ्याला ती क्रमांकाने दिसते आणि हाताने लिहिणाऱ्याला दिसत नाही, एवढेच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एसक्यूएलचे व्याकरण आजही बायसनकडेच आहे. ट्री-सिटर हे साधन संपादकात आपण टाइप करत असताना रचनेचा वृक्ष सतत नवा करते. एक अक्षर बदलले म्हणून सगळी फाइल ते पुन्हा वाचत नाही. वृक्षाचा जुना तुकडा परत वापरता येईल का, हे ठरवताना तो तुकडा कोणत्या स्थितीत वाचला गेला होता तेही ते पाहते. साठ वर्षांपूर्वीची कल्पना आज तुमच्या पडद्यावर रंग भरते आहे.

म्हैसुरात राहून भाषेच्या पार्सिंगबद्दल लिहायचे आणि इथल्याच मानसगंगोत्री परिसराकडे पाठ करायची हे जमणारे नव्हते. तिथली भारतीय भाषा संस्था १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झाली. डीरेमर यांच्या प्रबंधाचे तेच साल. हा योगायोग आहे आणि त्याहून अधिक काही नाही, पण दोन्ही ठिकाणचा मूळ प्रश्न एकाच जातीचा होता. १९९० च्या दशकात केंद्र सरकारच्या प्रकल्पातून भारतीय भाषांचे मजकूर-संग्रह उभे राहिले तेव्हा दक्षिणेच्या चार भाषा या संस्थेकडे होत्या आणि मराठी व गुजराती पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे. आज म्हैसूरच्या संस्थेतल्या भाषा-विदा संघाच्या संग्रहात मराठीही आहे.

मराठी वाक्य पार्स करायला घेतले की पहिल्याच दिवशी एक चांगला धडा मिळतो. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘जुने पुस्तकांचे दुकान’ यांत जुनेपण कुणाचे, हे मराठी विशेषणाच्या रूपातूनच सांगते. प्रोग्रामिंगच्या भाषेला जिथे कंस घालावा लागला असता तिथे मराठीत एका सामान्यरूपाने काम होते. पण ‘मी धावताना त्याला पाहिले’ या वाक्यात धावत कोण होते, हे कुठलेच रूप सांगत नाही. दोन्ही अर्थ शुद्ध मराठीत आहेत. आपल्या ९ स्थितींच्या यंत्राला अशी मोकळीक चालत नाही. एका स्थितीत एका टोकनावर दोन कृती निघाल्या तर त्याला संघर्ष म्हणतात, आणि साधन तक्रार करते. मसारू तोमिता यांनी १९८० च्या दशकात मानवी भाषांसाठी यावर वाट काढली: संघर्ष आला की दोन्ही कृती करायच्या, स्टॅकला फांदी फुटू द्यायची आणि पुढे दोन फांद्या एकाच स्थितीत आल्या की त्या पुन्हा जोडायच्या. दोन फांद्या जोडता येतील की नाही हे स्थितीच ठरवते, कारण सारखी स्थिती म्हणजे पुढच्यासाठी सारखी स्मृती. ट्री-सिटर आणि बायसनमधली जीएलआर ही सोय याच कल्पनेवर उभी आहे. मानवी भाषेसाठी शोधलेली वाट प्रोग्रामिंगच्या उपयोगी पडली, हे मला फार आवडते.

पाणिनीचे नाव या संदर्भात घेतल्याशिवाय मराठी वाचक राहणार नाही, आणि घ्यावेही. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी अमेरिकेतल्या एका संगणक-नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले, की भाषांचे नियम लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे. मला या सुचवणीतला आदर मान्य आहे, पण साम्य मात्र मी दुसरीकडे पाहतो. पाणिनीने विभक्तींना नियमाच्या भाषेत ठरीव काम दिले आहे. षष्ठी म्हणजे कशाच्या जागी, सप्तमी म्हणजे पुढे काय असताना, पंचमी म्हणजे मागे काय असताना. पुढे काय आहे ते पाहून आत्ताची कृती ठरवणे, ही कल्पना पार्सरच्या पुढच्या टोकनाकडे बघण्याच्या फार जवळची आहे. मात्र त्याचे नियम संदर्भावर अवलंबून आहेत आणि ते रूपे घडवतात, आयता मजकूर ओळखत नाहीत. बॅकस-रीतीच्या व्याकरणात तो पूर्ण बसत नाही. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा, असे विधान करून मोकळे होणाऱ्यांपेक्षा त्याची एक सूत्रमालिका हाताने चालवून पाहणारा विद्यार्थी पाणिनीचा अधिक मान राखतो.

देवनागरीत प्रोग्राम लिहिता येईल का, असेही मुले विचारतात. पायथन ३ मध्ये ‘बेरीज’ हे चलाचे नाव म्हणून चालते. ‘अ१’ सुद्धा चालते. पण नुसते ‘१२३’ असे देवनागरी अंक थेट प्रोग्राममध्ये संख्या म्हणून लिहिले तर चूक येते. तेच अंक अवतरणात घालून पूर्णांक करण्याच्या फंक्शनला दिले तर मात्र एकशे तेवीस मिळतात. हा भेदभाव व्याकरणाच्या नियमांमध्ये नाही, तो त्याआधी स्कॅनरमध्ये आहे. कोणत्या अक्षरापासून नाव सुरू होते, कोणत्यापासून संख्या, हे तिथे ठरते. पार्सरपर्यंत पोहोचते ते फक्त ‘संख्या’ हे चिन्ह, आणि तो अंक कोणत्या लिपीत होता याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून मराठीतून प्रोग्राम लिहिता यावा असे ज्याला वाटते त्याने नव्या व्याकरणाच्या आधी स्कॅनर उघडावा. पाचव्या प्रकरणात आपण तो उघडला आहे, आणि वरचे चार नियम देवनागरी अंकांसह चालवून दाखवले आहेत.

शब्दांबद्दल एकच खुलासा. शिफ्ट, रिड्यूस, टोकन, स्टॅक, टर्मिनल हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण कामाच्या जागी मराठी मुले हेच बोलतात आणि साधनाच्या अहवालातही तेच छापून येतात.

पुस्तक वाचताना पेन्सिल आणि कोरे कागद जवळ असू द्या. बायसनला अहवालाची फाइल काढायला सांगितले की प्रत्येक स्थिती तिच्या ठिपक्यांसह लिहून मिळते, पण पहिली तीन प्रकरणे होईपर्यंत ती फाइल उघडू नका. आधी वरच्या ९ स्थिती स्वतः काढा. मग व्याकरणात गुणाकार घाला, म्हणजे पद आणि संख्या यांच्यामध्ये ‘घटक’ नावाचे आणखी एक नॉनटर्मिनल आणा. स्थिती १२ व्हायला हव्यात, आणि क्नूथच्या मूळ रीतीने २२. बारा न होता अकरा झाल्या तर बहुधा तुम्ही दोन वेगळ्या स्मृतींना एक क्रमांक दिला आहे. तेरा झाल्या तर एकाच स्मृतीला दोन. कोणत्या दोन ओळी त्या, हे शोधूनच दुसऱ्या प्रकरणाकडे या.